मनाचा डॉक्टर शेवटी का?

चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या, आमच्या सांगवीत भाड्याने राहणाऱ्या एका तरुणाचा उजवा पाय गेल्या वर्षी एकाएकी लुळा पडला. एका खाजगी रुग्णालयात मेंदूचा व मणक्याचा एमआरआय झाला, अहवाल निर्दोष आला. ‘तुला काही झालेले नाही, मनाचे आहे,’ असे सांगून त्याला घरी पाठविण्यात आले. मनाचे आहे तर मनाच्या डॉक्टरकडे पाठवावे, हे मात्र कोणाला सुचले नाही. मुकादमाने त्याला ढोंगी ठरविले, घरच्यांनी देवऋषी गाठला. तपासण्यांचे कर्ज झाले आणि तीन महिन्यांचा रोज बुडाला तो वेगळाच.

हे ढोंग नव्हे. या विकारात मज्जासंस्थेची रचना शाबूत असते, कार्य मात्र बिघडलेले असते. चार्ल्स हूव्हर या अमेरिकन वैद्याने 1908 साली सांगितलेली खूण आजही रोग्याच्या खाटेजवळ, एक पैसा न खर्चता पाहता येते. लुळा पाय रोग्याला सांगूनही खाली दाबता येत नाही. पण दुसरा पाय विरोधाविरुद्ध उचलायला लावला की तोच लुळा पाय आपोआप जोराने दाबला जातो. म्हणजे निदान कोऱ्या अहवालावरून नव्हे, प्रत्यक्ष खुणेवरून करावयाचे असते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 च्या वर्गीकरणाने तर मानसिक आघात सापडलाच पाहिजे ही अटही काढून टाकली.

उलट बाजू कामगारांच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. ‘डोके फिरले’ म्हणून आणलेल्या रोग्याच्या मेंदूलाच सूज असू शकते. क्षयावरील सायक्लोसेरीनने भ्रम होऊ शकतो, आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात. वेल्डिंगच्या धुरातले मँगनीज वर्षानुवर्षे अंगात गेले तर आधी चिडचिड, अकारण हसणे-रडणे आणि मग चाल बिघडणे, असा क्रम दिसू शकतो. मँगनीजने कामगारांची चाल बिघडते हे जॉन कूपर यांनी 1837 सालीच ग्लासगोहून नोंदविले होते! अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाने रोग्याला मेंदूतज्ज्ञाकडे परत पाठविले पाहिजे, आणि कामाची चौकशीही केली पाहिजे. दोघांनी एकाच रोग्याला एकाच आठवड्यात पाहावे, एवढीच मागणी आहे.

यात एक धोका आहे व तो लपविण्यात अर्थ नाही. ‘मनाचे आहे’ हा शेरा मालकाला सोयीचा असतो. धुराची जबाबदारी टळते. म्हणूनच हा शेरा कारखान्याच्या डॉक्टरच्या हाती नव्हे, सार्वजनिक रुग्णालयातील तज्ज्ञांच्या हाती हवा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे 21 वे कलम मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीचा दर्जा देते, विम्यातसुद्धा. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून सांगतो, पुन्हा पुन्हा केलेल्या एमआरआयपेक्षा तासाभराचे बोलणे पुष्कळ स्वस्त पडते. फक्त त्यात नफा नाही. मनोविकारतज्ज्ञ वॉर्डात कोणत्या वारी येतात, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील रुग्णालयांत जाऊन विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.

तो तरुण अखेर एका सरकारी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेला. त्यांनी व्यायामतज्ज्ञाला बरोबर घेतले. दीड महिन्यात काठी सुटली. नोकरी त्याआधीच सुटली होती.