सीट मऊ नको, मापाची हवी

परवा आमच्या घरात सीटवरून वाद झाला. निवडणुकीच्या नव्हे, एस.टी.तल्याही नव्हे, माझ्या सायकलच्या सीटवरून. एका बाजूला सौ., मुलगा आणि सूनबाई, दुसऱ्या बाजूला मी एकटा. वरवर विषय सीटचा होता, पण खरा प्रश्न वेगळाच होता. ७४ व्या वर्षी या माणसाने सायकल चालवावी की आता पुरे करावं?

सायकल माझ्याहून २३ वर्षांनी लहान. १९७४ साली नोकरी लागली तेव्हा पहिल्या दोन पगारांतून घेतलेली काळी ॲटलास. २४ इंची फ्रेम, २८ चे टायर, सळयांचे ब्रेक. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, तोही नेमका जागतिक सायकल दिनाला. माझी सायकल मात्र अजून चालू आहे. सांगलीत चढ-उतार फारसे नाहीत, त्यामुळे गुडघ्यांनीही आतापर्यंत तक्रार केली नव्हती.

रोज सकाळी विश्रामबागेतून गावभागात जातो. तिथे माझा एक जुना सहकारी चार वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहे. त्याला पेपर वाचून दाखवायचा, अग्रलेखावर दोघांनी मिळून चिडायचं आणि परत यायचं. हा माझा नेम. "रिक्षाने जा की," असं घरचे म्हणतात. जाईनही, पण रिक्षाने रोज कोण जातं? चार दिवस जाईन, मग दिवसाआड, मग सणावारी. मला हे पक्कं ठाऊक आहे म्हणून सायकल सोडवत नाही.

तर झालं असं. सायकलची मूळ सीट चामड्याची होती, खाली स्प्रिंगा. पुढे तिची पार झोळी झाली, तेव्हा रेक्झिनची साधी सीट बसवली. गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तो एक जाडजूड जेलची सीट घेऊनच. "बाबा, यावर बसा, गादीवर बसल्यासारखं वाटेल." अंगठ्याने दाबून पाहिली, खरोखरच लोण्यासारखी मऊ. पोराने प्रेमाने आणलेली, नाही कसं म्हणणार? एका दुकानातल्या मुलाने ती बसवून दिली. जुन्या पिलरला नव्या सीटचा क्लॅम्प नीट बसेना, म्हणून त्याने पत्र्याची पट्टी घालून ठोकून बसवली.

पहिली पाच मिनिटं स्वर्ग! दहाव्या मिनिटाला मात्र बुडाच्या मधल्या भागाला मुंग्या येऊ लागल्या, आणि गावभागात पोचेपर्यंत तो भाग बधिर. लाजेची गोष्ट आहे, पण लिहितो, कारण माझ्या वयाचे पुष्कळजण हेच लपवत असतील. मी दोन महिने लपवलं. वाटलं, प्रोस्टेट असेल, वय असेल, चालायचंच. मग एके दिवशी गणपती पेठेत समोर हातगाडी आली म्हणून थांबायला गेलो, तर पाय जमिनीला लागेचना. त्या जाड गादीमुळे सीट दीड-दोन इंच उंच झाली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सायकलसकट आडवा झालो. मनगट मुरगळलं, एवढ्यावरच निभावलं. पण घरी फर्मान निघालं : सायकल विकून टाका.

इथे मला माझं मत मांडायचं आहे. चूक सायकलची नव्हती, वयाचीही नव्हती. चूक ही, की आपण 'मऊ' आणि 'आरामशीर' हे एकच समजतो.

मी मास्तर मराठीचा, जीवशास्त्राचा नव्हे, पण एवढं आता समजलं आहे. आपण बसतो ते बैठकीच्या दोन हाडांवर. सीटने त्या दोन हाडांना आधार द्यायचा असतो. सीट फार मऊ असली की हाडं आत रुततात आणि मधला भाग फुगून वर येतो. तिथूनच नसा आणि रक्तवाहिन्या जातात, त्या दाबल्या जातात. म्हणून बधिरपणा. मांडीखाली उशी घेऊन जमिनीवर तासभर बसा आणि पाटावर तासभर बसा, फरक कळेल. आपल्या पूर्वजांनी जेवायला पाट केला, उशी नाही केली.

हे आमच्या सायकल मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं. कडुलिंबाखाली बसतात, माझ्याहून थोडे लहान. सीट दाबून पाहत म्हणाले, "सर, सीट जेवढी मऊ, तेवढं बूड जास्त दुखतंय बघा. आन ह्याचं नाक वर झालंय, त्ये कुणाला दिसलं न्हाई व्हय?" खरंच, पत्र्याची पट्टी सरकून सीटचं टोक वर उचललं गेलं होतं. म्हणजे दुखण्यात भरच.

माप कसं घ्यायचं ते माझ्या नातीने शोधून काढलं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, गुडघे जरा वर घेऊन जोर देऊन बसा." उठलो तर पुठ्ठ्यावर दोन खळगे! दोन्हींच्या मध्यांमधलं अंतर साडेबारा सेंटीमीटर. सीटची रुंद बाजू याहून निदान दोन-तीन सेंटीमीटर जास्त हवी, आणि माणूस ताठ बसणारा असेल तर आणखी रुंद. आमच्या काळ्या सायकलींवर आपण खुर्चीत बसावं तसे ताठ बसतो, जवळजवळ सगळं वजन सीटवर. मुलाची गिअरची सायकल वेगळी. तो पुढे वाकतो, त्याचं काही ओझं हातांवर, म्हणून त्याला अरुंद सीट चालते. त्याचा सल्ला त्याच्या सायकलला बरोबर होता. माझ्या सायकलला नव्हता.

इंग्लंडमधली ब्रूक्स ही बर्मिंगहॅमची कंपनी १८६६ पासूनची, सीटचं पेटंट १८८२ चं. त्यांच्या चामडी सीटमध्ये गादी नसतेच. चामडं पुढून मागे ताणून बसवलेलं असतं आणि वापरता वापरता बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेतं. सैल पडलं तर टोकाखालचा नट आवळायचा. त्यांची पुढे वाकणाऱ्यांसाठीची सीट सुमारे सतरा सेंटीमीटर रुंद, आणि ताठ बसणाऱ्यांसाठीची स्प्रिंगवाली वीसच्या वर. दीडशे वर्षांच्या अनुभवाने त्यांनीही मऊपणा नव्हे, माप धरलं. पण किंमत ऐकून मी पुठ्ठ्यावरच बसलो! पेन्शनीत ते परवडणारं नाही, आणि गरजही नाही. लुधियानाला काळ्या सायकली अजून बनतात, त्यांचं सामान मिळतं. "असलं सामान आता येत नाही काका," असं सांगणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडावं आणि झाडाखालचा मिस्त्री गाठावा.

मिस्त्रींनी रेक्झिनची रुंद, टणक, मागे जाड स्प्रिंगांची सीट दिली. पिलरचं वरचं टोक साध्या नळीसारखं असतं, त्याला बसणारा योग्य क्लॅम्प घातला. सीट जमिनीला समांतर केली. टोक वर असेल तर मधे दाब येतो, खाली असेल तर माणूस पुढे घसरतो आणि मनगटं दुखतात. मग उंची. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हावा, हा साधा नियम. पण माझ्या वयाला थांबताना चवडे टेकले पाहिजेत, म्हणून त्याहून अर्धा इंच खाली घेतली. फार खाली घेतली तर गुडघे दुखतात, तेव्हा तोल सांभाळायचा. हँडल इंचभर वर घेतलं. त्यासाठी ब्रेकच्या सळयाही पुन्हा जुळवाव्या लागल्या. पिलर काय आणि हँडलची दांडी काय, अडीच इंच तरी आत राहिलीच पाहिजे. शिवाय मान फारशी वळत नाही म्हणून उजवीकडे एक आरसा. सगळं मिळून मजुरीसकट सातशे रुपये झाले.

आणि खरी गादी कुठे असते, तर टायरमध्ये. हवा दगडासारखी ठासून भरली की कुठलीही सीट आपटतेच.

आता मुंग्या येत नाहीत. पुन्हा आल्या तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जाईन, असं सौ.ला कबूल केलं आहे. लपवणार नाही, हेही. ज्यांचा तोल जातो, ज्यांना चक्कर येते, त्यांनी माझं ऐकून हट्ट करू नये. माझाही तो दिवस येईल तेव्हा मीच किल्ली नातीच्या हातात देईन.

पण तो दिवस मापाने यावा, अंदाजाने नव्हे. म्हाताऱ्या माणसाला घरचे फार प्रेमाने मऊ मऊ वस्तू आणून देतात. मऊ भात, मऊ खुर्ची, मऊ बोलणं. त्याला नेमकं कुठे टेकायला हवंय, हे विचारायचं तेवढं राहून जातं. आणि म्हाताराही सांगत नाही, हेही खरंच. माझी दोन महिन्यांची चूक तीच.

असो. मुलाला फोन करून सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बाबा, आधी सांगायचंत ना." जेलची सीट मी टाकलेली नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ठेवली आहे. सौ. भाजी निवडायला त्यावर बसते आणि म्हणते, छान आहे.

तुमच्या अंगणात एखादी जुनी सायकल गंजत पडली असेल तर विकण्याआधी एक पुठ्ठा घ्या आणि पायरीवर बसून पाहा.