ठेसन उरले, गाडी गेली

गाव आधी की आगगाडी आधी, असे कोणी विचारले तर आपण हसू. गाव आधी, हे काय सांगायला हवे? माणसे होती, बैलगाड्या होत्या, बाजार होता. मागाहून साहेब आला आणि त्याने रूळ टाकले. पण जगात असेही मुलूख आहेत की जिथे हे उत्तर चुकते. कॅनडातल्या गव्हाच्या अफाट माळावर विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने लोहमार्ग नेला. तिथले मूळ रहिवासी होतेच, पण त्यांना विचारतो कोण? कंपनीने ठराविक अंतरावर ठाणी आखली आणि त्यांना चक्क इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नावे दिली! फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जॅस्मिन, केलिहर. आधी पाटी लागली. मग धान्याचे कोठार, मग दुकान, मग शाळा. बारसे आधी आणि बाळ मागाहून!

आमच्या वर्धा जिल्ह्यात ह्या दोन्ही तऱ्हा नांदतात. जिल्हा 1862 साली नागपुरापासून वेगळा झाला तेव्हा त्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. पुढे 1866 साली ते पालकवाडी ह्या खेड्याच्या जागी आले. 1867 साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोहोचला, आणि पालकवाडीचे नाव मागे पडून वर्धा हे शहर उभे राहिले. पुलगावाचे तर नावच आपला जन्मदाखला हातात घेऊन उभे आहे. पूल, म्हणून पुलगाव. नदीवर आगगाडीचा पूल झाला नसता तर ह्या गावाला काय म्हटले असते, कोण जाणे.

रोहण्याचे तसे नाही. आर्वी तालुक्यातले हे गाव आगगाडीच्या आधीचे. 1917 साली पुलगाव ते आर्वी अशी अरुंद मापाची छोटी गाडी सुरू झाली. मार्ग अवघा पस्तीस किलोमीटरांचा. सोरटा, विरूळ करीत ती रोहण्याला येई. कॅनडातल्या कंपनीने गावांना नावे दिली; इथल्या कंपनीने गावाचेच नाव उसने घेतले आणि त्याला एक शेपूट जोडले : 'रोहणा टाउन'. चारी बाजूंनी पऱ्हाटी उभी, मध्ये काळी माती, आणि पाटीवर मात्र टाउन! मोठेपणा इतका स्वस्तात मिळाला, तर कोण नको म्हणेल?

हा मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. तिचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन ह्या पेढीकडे. ह्याच कंपनीने मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर हे मार्गही बांधले. हेतू एकच, कापूस. 1861 ते 1865 ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि साहेबाची नजर वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीवर खिळली. मोठा लोहमार्ग आला तो त्याच सुमारास. पण शेतापासून त्या मार्गापर्यंत कापूस आणायचा कसा? बैलगाडीला वेळ लागे. म्हणून ह्या फांद्या काढल्या. अडीच फुटी मापाला हलके रूळ पुरतात, छोटे पूल पुरतात, वळणे आखडती घेता येतात, खर्च कमी.

स्वस्ताईची किंमत मात्र कोणी तरी मोजावीच लागते. पुलगावला छोट्या गाडीचे रूळ संपत आणि मोठ्या गाडीचे, साडेपाच फुटी मापाचे, सुरू होत. छोटा डबा मोठ्या रुळावर जाणार कसा? तेव्हा पुढे जाणारे प्रत्येक गाठोडे हमालाच्या पाठीवरून ह्या डब्यातून त्या डब्यात जायचे. पुढे मालमोटार आली. ती शेताच्या बांधापासून थेट जिनिंगच्या दारात जाऊ लागली. मध्ये उतरवणे नाही, चढवणे नाही. छोटी गाडी हरली ती हिशेबात.

1951 साली मध्य रेल्वे स्थापन झाली. गाड्या सरकार चालवी, मालकी मात्र कंपनीचीच राहिली. असा तो विलक्षण संसार. ह्या गाड्यांना लोक लाडाने शकुंतला म्हणतात. नाव ज्याने दिले त्याला कालिदास ठाऊक असो वा नसो, ते बसले चपखल. मूळ शकुंतलेची अंगठी हरवली म्हणून राजाला तिची आठवण पटेना. ह्या शकुंतलेची अंगठी, म्हणजे करारपत्र, हरवली नव्हती. तरी राजा विसरलाच. आज आर्वीच्या मार्गावर गाडी धावत नाही.

आमच्यासारख्या भाषेच्या मास्तरांना एक गोष्ट मात्र दिसते. गाडी गेली, तिचे शब्द गेले नाहीत. 'स्टेशन' हा शब्द वैदर्भी जिभेने कधीच घोळून घोळून 'ठेसन' करून टाकला. सिग्नलचा सिंगल झाला, गार्डाचा गारड झाला. परका शब्द असा घरचा झाला की समजावे, ती वस्तूही लोकांनी आपली मानली होती. कंपनीने गाडी कापसासाठी आणली. लोकांनी तिच्यात लेकी सासरी धाडल्या, आजारी माणसे दवाखान्यात नेली, पोरे शाळेला पाठवली. ह्या मिळकतीची नोंद कंपनीच्या वहीत कुठल्या रकान्यात करणार?

ह्याच जिल्ह्यात दुसराही एक विचार वाढला. गांधीजी 1934 साली वर्ध्याला आले, 1936 साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. 1909 सालच्या 'हिंद स्वराज्या'त त्यांनी रेल्वेवर सडकून टीका केली होती : रेल्वेमुळे शेतकरी धान्य महागड्या बाजाराला विकतो आणि घरचा दुष्काळ वाढतो. पुढे आयुष्यभर ते त्याच रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने हिंडले, ही गोष्ट वेगळी. पण चरख्याचा प्रश्न सरळ होता. कापूस इथला, मग सूत इथे का नाही? कापड इथे का नाही?

पुलगाव-आर्वी मार्ग रुंद करून पुन्हा सुरू करावा, अशी मागणी वर्षानुवर्षे होत आहे. ती रास्त आहे, एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या म्हातारीला तत्त्वज्ञान नको, गाडी हवी. परंतु नवी गाडी आली, तर जुना प्रश्नही तिच्यातूनच उतरेल. 1917 साली गावाला कोणी विचारले नव्हते की ह्या गाडीतून काय न्यावे आणि काय आणावे. ह्या वेळी तरी विचारावे.

दिवाळीच्या सुमारास कापसाची पहिली वेचणी होते. शेतकरी सीतादही करतो, शेताला दहीभाताचा नैवेद्य दाखवतो, आणि मग ओटीत पांढरे सोने येते. त्याचा भाव मात्र अजून दूरच कुठेतरी ठरतो. रोहण्याला गाडी येवो, जरूर येवो. पण ती भाव ठरवण्याचा हक्कही थोडासा गावाकडे घेऊन येईल, तर त्या पाटीवरचा 'टाउन' हा शब्द खरा झाला, असे आम्ही आनंदाने म्हणू.