मडके वाजवावे की कुंभार?

लातूरहून फार दूर नसलेल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट मराठवाड्यात लहानथोरांना ठाऊक आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी जमलेल्या संतांची डोकी थापटण्याने वाजवून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. कुंभाराने येथे माणूस तपासला, त्याची रचना नव्हे. हे दोन व्यवहार वेगळे ठेवण्याची प्रतिज्ञा आपल्या समीक्षेने मर्ढेकरांच्या काळापासून अनेकदा केली. पाळली मात्र सोयीपुरती.

नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतून मराठी शिकवताना आम्हांला हा प्रश्न भेटतो तो नामदेव ढसाळांच्या निमित्ताने. 'गोलपिठा' १९७२ साली आला, तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. १९८४ साली मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन आले. पत्नीने सांगितलेला तो संसार मारहाणीचा, व्यसनाचा, आजाराचा आणि उपेक्षेचा आहे. दरवर्षी एखादी तरी विद्यार्थिनी विचारते, हे वाचल्यावर ती कविता मोठी कशी म्हणायची? आमचे उत्तर ठरलेले असे : कलाकृती स्वायत्त असते, कवीचे घर हा समीक्षेचा विषय नव्हे.

हे उत्तर खोटे नाही, पण अप्रामाणिक आहे. कारण त्याच तासाच्या आरंभी आम्ही कवीचे चरित्रच सांगितलेले असते. पुण्याकडच्या खेड्यातला जन्म, कामाठीपुऱ्यालगतचे बालपण, टॅक्सी चालवून केलेली गुजराण, पँथरची स्थापना. 'जगलेला अनुभव', 'अस्सलता' हे आमचे लाडके निकष. म्हणजे आयुष्य जेथे कवितेचे मोल वाढवते तेथे ते जमेस धरायचे, आणि जेथे ते बोचते तेथे स्वायत्ततेचे दार लावून घ्यायचे. किराणा दुकानदारही अशी एकाच बाजूची वही ठेवत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आम्हांला महत्त्वाचा वाटतो. मल्लिकाबाईंच्या पुस्तकाचा सोटा करून दलित कवितेलाच झोडपणारे वाचक आम्ही पाहिले आहेत. नामांतराच्या ठरावानंतर १९७८ साली या भागात, विशेषतः नांदेड जिल्ह्यात, दलित वस्त्यांवर जे गुदरले ते ज्यांच्या घरांत आजही सांगितले जाते, त्यांना या कवितेचा आधार काय आहे हे वेगळे सांगायला नको. शिवाय सवर्ण कवींच्या स्वयंपाकघरात डोकावण्याची तसदी आपल्या समीक्षेने कितीशी घेतली? तेव्हा झडती घ्यायचीच तर सर्वांची घ्यावी.

परंतु या आक्षेपाने मल्लिकाबाईंचे म्हणणे पुसले जात नाही. वस्तीतल्या शिवीला संस्कृतप्रचुर शब्दाशेजारी बसवून दोघांनाही नवा आवाज देण्याची ढसाळांची कारागिरी त्यांच्या सज्जनपणावर उभी नव्हतीच. ती शाबूत आहे. मडके पक्के आहे. बदलते ते दुसरेच काही. शरीर विकावे लागणाऱ्या स्त्रीविषयी त्या कवितेत जी धग आहे, ती वाचताना घरातल्या स्त्रीचे पुस्तक आठवते आणि आपण अडखळतो. ती अडखळ टिपणे हे समीक्षेचेच काम आहे, आणि ती टिपल्याने कविता खोटी ठरत नाही. अस्सलतेपोटी आम्ही जे गुण दिले होते, त्यांचा हिशेब मात्र पुन्हा करावा लागतो. ढसाळांच्या राजकीय वळणांबद्दल, 'प्रियदर्शिनी'पासून पुढच्या युत्यांपर्यंत, भरपूर चर्चा होते. घराबद्दल बोलायचे म्हटले की तीच चर्चा करणारी माणसे एकाएकी रूपवादी होतात, याची गंमत वाटते.

आणखी एक गोष्ट. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आपण ढसाळांविरुद्धचा पुरावा म्हणूनच हाताळतो. ते स्वतः एक वाङ्मयीन कृती आहे, तिला तिची भाषा आहे, स्वतःलाही न सोडणारा निर्दयपणा आहे, हे आम्ही वर्गात किती वेळा सांगितले? एकदाही नाही.

गोरोबाकाकांची दुसरी गोष्ट सर्वांना पाठ आहे : नामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना त्यांच्या पायाखाली स्वतःचे मूल आले. परंपरा ती तल्लीनतेची थोरवी म्हणून सांगते. तेरच्या त्या घरात पाणी घेऊन परतलेल्या आईने काय पाहिले, हे तिच्या शब्दांत कोणी लिहून ठेवलेले नाही. मल्लिकाबाईंनी लिहिले. येत्या सत्रात 'गोलपिठा'च्या तासाला ते पुस्तकही आम्ही टेबलावर ठेवणार आहोत.