नळाला बांधलेलं फडकं

मुलांनो, आपल्या सोलापुरात उजनीचं पाणी नळाला रोज कुठं येतं? आलं की पहिली धार गढूळ! माझी आई नळाला जुन्या साडीचं फडकं बांधायची. मी आता नळावर फिल्टर बसवलाय. पहिली धार त्यात सोडत नाही, चोंदतो लगेच, ती कुंड्यांना. त्यातला कोळसा क्लोरीनचा वास ओढून घेतो. जंतू मात्र सगळे अडत नाहीत, म्हणून पाणी उकळायचंच.

आणि आईचं फडकं? बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांनी नदी-तळ्यांचं पाणी साडीच्या किमान चार पदरी घडीतून गाळलं, तर कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला! २००३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. साडी जुनीच हवी हं, धुऊन धुऊन तिची वीण दाट होते.