प्रेम म्हणजे पेनकिलर नव्हे

दुखावलेली मुलगी, तिच्या आयुष्यात आलेला एक चांगला मुलगा, आणि मग सगळं छान! हा फॉर्म्युला आपण इतक्यांदा पाहिलाय की आता तो खराच वाटायला लागलाय. "मी त्याला सुधारीन", "मी तिला सावरीन" हे डायलॉग तर आपल्या ग्रुपमध्येही ऐकू येतात. अशा सगळ्यांना मी रेनबो रॉवेलची 'एलेनॉर अँड पार्क' सुचवतो. (पुढे स्पॉयलर आहेत, सांभाळून!)

कादंबरी २०१२ साली आली, पण गोष्ट आहे १९८६ची, अमेरिकेतल्या ओमाहा शहरातली. एलेनॉर सोळा वर्षांची. घरी दारुडा, मारकुटा सावत्र बाप. पाच भावंडं एका खोलीत, बाथरूमला दार नाही, घरात फोन नाही. पार्क अर्धा कोरियन, वर्गात थोडा वेगळाच पडलेला. पहिल्या दिवशी स्कूलबसमध्ये तो तिला जागा देतो, तीसुद्धा शिवी हासडून! मग त्याच्या लक्षात येतं की ही आपलं कॉमिक चोरून वाचतेय. तो काही बोलत नाही, फक्त पानं जरा हळू उलटायला लागतो.

मला वाटतं, निरोगी प्रेम म्हणजे हेच. तिच्याकडे वॉकमनसाठी सेल नाहीत, म्हणून आजीने वाढदिवसाला काय हवं विचारल्यावर पार्क चक्क सेल मागतो. भाषणबाजी नाही, "मैं हूँ ना" नाही.

आणि मुख्य म्हणजे या प्रेमाने तिचं घर बदलत नाही. सावत्र बाप सुधारत नाही, आई धीट होत नाही. शेवटी पार्क तिला वडिलांच्या ट्रकमधून रातोरात सेंट पॉलला, तिच्या मामाकडे सोडून येतो. म्हणजे तिला स्वतःपासूनच लांब नेऊन सोडतो! जिला आपल्याजवळ ठेवावंसं वाटतं, तिला सुरक्षित जागी पोचवणं हे त्या वयात किती जणांना जमेल? मला नसतं जमलं. तिथून पुढे तिला सांभाळायचं काम मोठ्या माणसांचं. सतरा वर्षांच्या पोराने कुणाचा थेरपिस्ट व्हायची गरज नाही.

पुस्तकात खोट आहेच. पार्कच्या कोरियन आईचं चित्रण साचेबद्ध आहे ही टीका मला पटते. पण २०१३ साली मिनेसोटातल्या काही पालकांनी शिव्या आणि 'तसल्या' प्रसंगांवरून तक्रार केली आणि लेखिकेचा तिथला कार्यक्रम रद्द झाला, हे मात्र अजिबात पटत नाही. गंमत बघा, एलेनॉरला आसरा मिळतो ते सेंट पॉल मिनेसोटातच आहे!

शिव्या मुलांना शाळेच्या बसमध्ये फुकट मिळतात हो. "मला घरी भीती वाटते" हे सांगायला शब्द मात्र सहजी मिळत नाहीत. ते या पुस्तकात आहेत.