लस पुण्यात, रांग सुप्यात

सुप्याच्या चौकात उभे राहिले की एक रस्ता नगरकडे जातो आणि दुसरा पुण्याकडे. पुण्याच्या रस्त्याला लागले की दोन-अडीच तासांत मांजरी-हडपसर येते. तिथे सीरम इन्स्टिट्यूट आहे. किती डोस तयार होतात या हिशेबाने पाहिले तर लशीचा जगातला सर्वांत मोठा कारखाना. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पूजा करून कोविशील्डच्या पेट्यांचे पहिले ट्रक इथून निघाले. चार महिन्यांनी, मे महिन्यात, सुप्याच्या आसपासच्या खेड्यांत माणसे पहाटेपासून लशीच्या रांगेत उभी राहत होती आणि दुपारी 'आजचा साठा संपला' हे ऐकून घरी परतत होती. तोपर्यंत त्याच कारखान्यातली लस भूतानच्या डोंगरदऱ्यांतल्या जवळजवळ सगळ्या प्रौढ माणसांना एकेकदा टोचूनही झाली होती.

हे कसे घडले, याचा हिशेब आम्हाला मांडायचा आहे. साथ सरली, आता जुनी मढी कशाला उकरता, असे काही जण म्हणतील. पण पाऊस पडला म्हणून दुष्काळ विसरणारे गाव पुढच्या दुष्काळात पुन्हा टँकरच्या मागे धावते. पारनेर तालुक्याला हे वेगळे सांगायला नको.

साथीच्या काळात दूरदर्शनच्या पडद्यावर रोज देशांची यादी येई, बाजार समितीच्या फळ्यावर भाव लिहावेत तशी. कोण पहिला, कोण दहावा. त्या यादीकडे पाहून दिल्लीला वाटले की आपण जिंकलो. २८ जानेवारी २०२१ रोजी दावोसच्या व्यासपीठावर पंतप्रधानांनी जगाला सांगितले की भारताने कोरोना आटोक्यात ठेवून मानवजातीला मोठ्या संकटातून वाचवले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातला हा प्रकार. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्या देशात एका दिवसात चार लाखांवर नवे रुग्ण सापडू लागले होते.

दोन शेतांच्या उताऱ्याची तुलना करताना शेतकरी नुसती पोती मोजत नाही. जमीन कशी, पाणी किती, बी कोणते, हे आधी विचारतो. न्यूझीलंडमध्ये माणसे कमी मेली हे खरे. पण चहूबाजूंनी समुद्र आणि ५० लाख वस्ती असलेल्या देशाशी आपली बरोबरी लावण्यात अर्थ नाही. आम्ही तीनच प्रश्न विचारतो, आणि ते कोणत्याही देशाला लागू पडतात. विसार कोणी आणि कधी दिला? माल कोणाच्या दारात पोचला? आणि नोंद खरी झाली का?

पहिला प्रश्न विसाराचा. लस हे एक पीकच आहे. आज मागितले आणि उद्या काढले असे होत नाही. ब्रिटनने मे २०२० मध्येच ऑक्सफर्डच्या लशीचे १० कोटी डोस ठरवून टाकले. अमेरिकेने त्याच महिन्यात अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीला १२० कोटी डॉलरपर्यंत देऊ केले आणि जुलैत फायझरशी १० कोटी डोसांचा १९५ कोटी डॉलरचा सौदा केला. लस लागू पडेल की नाही हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. बी उगवले नाही तर विसार बुडणार, हे धरूनच त्यांनी पैसा टाकला.

पैसेवाल्यांनी पैसा टाकला, त्यात काय मोठेसे, असे म्हणता येईल. पण युरोपीय संघही श्रीमंतच होता. त्याने अ‍ॅस्ट्राझेनेकाशी करार केला तो ऑगस्टमध्ये, ब्रिटनच्या तीन महिने मागून. २०२१ च्या वसंतात लस कमी पडली म्हणून त्याला कंपनीवर दावा लावावा लागला. ब्रिटनने तोवर, मार्चमध्येच, निम्म्याहून अधिक प्रौढांना पहिला डोस दिला होता. दोघांकडे पैसा होता. वेळेवर एकानेच दिला.

आणि आपण? पुण्याच्या कारखान्यात ऑगस्ट २०२० मध्ये गेट्स फाउंडेशन आणि 'गावी' या संस्थेने गरीब देशांसाठी १५ कोटी डॉलर गुंतवले. आपल्या सरकारची पहिली मागणी कारखान्याला पोचली ती जानेवारी २०२१ मध्ये, अवघ्या १ कोटी १० लाख डोसांची. १३० कोटींवर लोकांचा देश, माणशी दोन डोस! मोठी आगाऊ रक्कम मंजूर झाली ती एप्रिलमध्ये, सीरमला ३,००० कोटी आणि भारत बायोटेकला सुमारे १,५०० कोटी. तेव्हा स्मशानात जागा उरली नव्हती. मुंबईच्या हाफकिन संस्थेला कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगीसुद्धा एप्रिल २०२१ मध्येच मिळाली. याच मुंबईत १८९७ साली हाफकिन साहेबांनी प्लेगची लस तयार करून आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. सव्वाशे वर्षांची विद्या घरात पडून होती आणि तिची आठवण दुसरी लाट छातीवर बसल्यावर झाली.

त्यातच भावाचा घोळ घातला. १ मे २०२१ पासून निम्मी लस केंद्राने घ्यायची आणि उरलेली राज्यांनी व खासगी रुग्णालयांनी. एकाच कुपीला तीन भाव. कोविशील्ड केंद्राला १५० रुपये, राज्यांना आधी ४०० आणि मग ३००, खासगीला ६००. साखरेची लेव्ही ज्यांनी पाहिली त्यांना यात नवे काही वाटले नसेल. महाराष्ट्राने जागतिक निविदा काढली, इतर राज्यांनीही काढल्या. परदेशी कंपन्यांनी सांगितले, आम्ही फक्त केंद्र सरकारशी बोलू. १२ मेपासून महाराष्ट्राला १८ ते ४४ वयाच्या लोकांचे लसीकरण थांबवावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात या धोरणावर कडक ताशेरे ओढले आणि २१ जूनपासून केंद्राने खरेदी पुन्हा आपल्याकडे घेतली.

दुसरा प्रश्न दाराचा. भूतानची गोष्ट इथे पाहण्यासारखी आहे. साडेसात लाखांचा देश. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या नगर जिल्ह्याची वस्ती ४५ लाखांवर होती. भूतानला साडेपाच लाख डोस भारताने भेट म्हणून दिले, सगळे पुण्याचे. पहिली खेप जानेवारीतच पोचली, पण सगळ्या प्रौढांना पुरेल एवढी लस हातात येईपर्यंत त्यांनी सुरुवात केली नाही. मग २७ मार्च २०२१ चा मुहूर्त धरला आणि सुमारे दोन आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना पहिला डोस दिला. जिथे गाडी जात नाही तिथे आरोग्यसेवक चालत गेले, काही ठिकाणी हेलिकॉप्टरने पेट्या नेल्या. लस माणसाकडे गेली.

आपल्याकडे माणसाने लशीकडे जायचे होते, आणि तेही मोबाईलमधून. १८ ते ४४ वयाच्या लोकांना मे महिन्यात ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. शहरातला तरुण संगणकासमोर बसून आकडा टाकायचा आणि खेड्यातल्या केंद्रातली जागा पकडायचा. त्या दिवसांत गावच्या केंद्राबाहेर शहराच्या मोटारी उभ्या असत आणि गावातला माणूस रेंज शोधत टेकाडावर उभा असे. 'इंडिया' आणि 'भारत' यांतला फरक आमची चळवळ गेली कित्येक वर्षे सांगत आली आहे. तो इतका उघडा आम्हीही कधी पाहिला नव्हता.

घरोघर जाणे आपल्याला जमत नव्हते असेही नाही. या देशाने दारोदार जाऊन पोलिओ हटवला. जानेवारी २०११ नंतर नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही. तरीही म्हाताऱ्या-अपंगांना घरी लस द्या, ही मागणी मुंबई उच्च न्यायालयात गेली तेव्हा केंद्राने ते शक्य नसल्याचे सांगितले. 'हर घर दस्तक' मोहीम निघाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये.

गाव हलले तिथे काय होते तेही आपल्याच जिल्ह्यात दिसले. हिवरे बाजारने घरोघर तपासणी केली, आजारी माणसांना वेगळे ठेवले आणि मे २०२१ च्या मध्यापर्यंत गावातली साथ संपवली. पारनेर तालुक्यातच भाळवणीला लोकांच्या मदतीवर हजारावर खाटांचे केंद्र उभे राहिले. गावात ताकद होती. तिच्या हातात वेळेवर कुपी ठेवली गेली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये, देश १०० कोटी डोसांचा उत्सव करत होता त्या महिन्यात, आपल्या जिल्ह्यातल्या ६१ गावांवर पुन्हा टाळेबंदी लादावी लागली होती.

तिसरा प्रश्न नोंदीचा. शेतकऱ्याला आणेवारी ठाऊक आहे. शेतात काडी उरलेली नसते आणि कागदावर पन्नास पैशांच्या वर पीक असते. मेलेल्या माणसांचीही अशीच आणेवारी झाली. सरकारी आकड्यानुसार देशात कोरोनाने साधारण ५ लाख ३० हजार लोक गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाखांचा काढला. सरकारने तो साफ नाकारला. मग सरकारचीच मृत्युनोंदणी पाहू. २०२० साली सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले आणि २०२१ साली सुमारे १ कोटी २ लाख. एका वर्षात २० लाखांहून अधिक वाढ. यात नोंदणी सुधारल्याचा काही वाटा असेल, हे आम्ही मान्य करतो. पण सगळी वाढ नोंदणीची म्हणायला कोणाचीही जीभ रेटणार नाही. हे आकडे प्रसिद्ध झाले ते मे २०२५ मध्ये.

आपल्या राज्यातले उदाहरण घ्या. मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात सरकारी मृत्यू होते १ लाख ४१ हजारांच्या घरात आणि अर्ज आले दोन लाखांवर. पेरू नावाचा देश आहे. त्याने मे २०२१ मध्ये आपली मोजणी चुकल्याचे कबूल केले आणि मृतांचा आकडा ६९ हजारांवरून एकदम १ लाख ८० हजारांवर नेला. लोकसंख्येच्या मानाने तो जगाच्या यादीत सर्वांत वर गेला. अशी यादी वाचताना एक लक्षात ठेवावे. ज्याचा आकडा मोठा तो कदाचित जास्त मेला असेल, कदाचित जास्त खरे बोलला असेल.

आता आमच्याच अंगावर येणारा प्रश्न. मार्च २०२१ अखेर लशीची निर्यात रोखली गेली आणि 'कोव्हॅक्स'कडे ती पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा आम्ही ओरडलो. लशीच्या वेळी गप्प का? आफ्रिकेचे देश याच पुण्याच्या लशीवर भिस्त ठेवून होते. २०२१ संपताना तिथे दहांतल्या एका माणसाचेही दोन डोस पुरे झाले नव्हते. ज्याने आधी पैसा लावला त्याचा माल अडवून आपल्या घरात घ्यावा लागला, तो आपला विसार वेळेवर गेला नाही म्हणून. दोन्ही निर्यातबंद्यांचे मूळ एकच. आधी नियोजन करायचे नाही आणि मग पिकवणाऱ्याच्या किंवा दूरच्या गरिबाच्या तोंडचे काढायचे. हे त्या वेळी आम्ही बोलायला हवे होते. बोललो नाही, ही आमची चूक.

आणखी एक कबुली. सरकारने खरेदीत हात घालू नये असे आम्ही मानतो. पण कांदा आणि लस एक नव्हे. शेजाऱ्याने कांदा खाल्ला नाही तर माझे काही बिघडत नाही. त्याने लस घेतली नाही तर रोग माझ्या उंबऱ्यात येतो. म्हणून लस सर्वांना फुकट हवी आणि घेणारा एकच, सरकार, हवा. खरेदी एका हातात आल्यावर वेग वाढला, १७ जुलै २०२२ ला २०० कोटी डोस झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र सरकार एकटा गिऱ्हाईक असेल तर त्याने गिऱ्हाइकाचा धर्मही पाळावा. परवडणारा भाव आणि वेळेवर विसार.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत पुढच्या साथीसाठी एक करार स्वीकारला गेला. त्यात सहभागी होणाऱ्या कारखान्यांनी साथीच्या वेळी उत्पादनातला २० टक्के माल संघटनेच्या हाती ठेवण्याचे उद्दिष्ट आहे. जग पुढच्या हंगामाची तयारी करत आहे. आपण जिल्हा बैठकीत तीन ठराव मांडावेत. साथ दिसताच लशीसाठी आगाऊ रक्कम देण्याचा कायम निधी असावा. लशीचा गावनिहाय कोटा ठरावा आणि ती आशाताईंच्या हाती, घरोघर, मोबाईलच्या अटीविना मिळावी. आणि प्रत्येक ग्रामसभेने २०२० व २०२१ या दोन वर्षांत गावात गेलेल्या माणसांची यादी वाचून, दुरुस्त करून ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावावी.

तिसऱ्या ठरावाला सरकारच्या मंजुरीची गरज नाही. पुढच्या ग्रामसभेत सुरुवात करता येईल.