कविता वाचून झाली, आता ऐकायला कोण थांबतंय?

गेल्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी आमच्या सावेडीतल्या काव्यवाचनाला एकतीस कवी होते. श्रोते चार. त्यातले दोघे कवींना गाडीवरून सोडायला आलेले, एक हॉलचा वॉचमन आणि एक आजोबा, जे पंख्याखाली बसायला येतात. मी हे आकडे चेष्टेने सांगत नाही. हा कार्यक्रम चालवणाऱ्यांपैकी मी एक आहे, सात वर्षं खुर्च्या मांडतो आहे, आणि आता उघडपणे म्हणायची वेळ आली आहे की आपण जे चालवतो आहोत त्याने कवितेचं नुकसान होतं आहे.

नगरमध्येच हे होतं असं नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, हाच साचा सापडेल. साडेपाचची वेळ, सुरुवात साडेसहाला. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागत, प्रास्ताविक. मग सत्कार. प्रमुख पाहुण्यांचा, अध्यक्षांचा, हॉल देणाऱ्यांचा, ज्यांचा गेल्या वेळी राहून गेला त्यांचा. पाहुणे बोलतात, आपल्या दोन कविता म्हणतात आणि ‘पुढे एक कार्यक्रम आहे’ म्हणून निघतात. त्यांना गाडीपर्यंत सोडायला निम्मा हॉल उठतो. उरलेल्यांत नंबर कधी लागणार याची चुळबुळ सुरू होते. प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि दोन कवींच्या मध्ये सूत्रसंचालकाची स्वतःची चारोळी. कविता झाली की प्रमाणपत्र, फोटो, आणि कवी पिशवी उचलून दाराकडे. घरी पोचायच्या आत फोटो ग्रुपवर. खाली पन्नास जणांचे हात जोडलेले आणि टाळ्यांचे इमोजी. त्या पन्नासांतल्या एकानेही ती कविता ऐकलेली नसते.

याच्या पुढची पायरी म्हणजे ‘राज्यस्तरीय’ संमेलन. सहभाग शुल्क भरा, सन्मानचिन्ह घ्या. तिथे तर ऐकण्याचा प्रश्नच येत नाही. पैसे भरणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाला कोण सांगणार की तुमच्या तिसऱ्या कडव्यात नुसतं यमक आहे?

आता माझी गोष्ट. आमच्या कॉलनीत चार घरी स्वयंपाक करणाऱ्या एक ताई आहेत. मागच्या वर्षी त्यांनी बिचकत विचारलं, ‘दादा, मला पण म्हणता येईल का?’ मी मोठ्या उत्साहाने नाव लिहून घेतलं. असं नाव यादीत असलं की बातमीला बरं पडतं, हेही मनात होतंच. त्यांचा नंबर सत्तावीसावा लागला. तोवर साडेनऊ झाले होते, हॉलमध्ये सहा-सात माणसं होती आणि माईकवाला वायर गुंडाळत होता. त्यांनी शाळेच्या वहीतून कविता वाचली. मी मागे उभा राहून बातमीसाठी नावांची यादी टाईप करत होतो. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या. ‘कशी वाटली, दादा?’ मी म्हणालो, ‘छान होती.’ त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ‘बरं’ म्हणून वर गेल्या. मला त्या कवितेतला एक शब्दही आठवत नव्हता, कारण मी तो ऐकलाच नव्हता. त्या पुन्हा आल्या नाहीत. मी तेव्हापासून दर महिन्याला ‘नवोदितांना व्यासपीठ’ हे शब्द असलेलं पत्रक छापत आलो आहे.

गावाचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं, बोलण्यात अजून नगरच आहे. या जिल्ह्यात तरी आपण ऐकण्याला इतकं स्वस्त करायला नको होतं. नेवासा इथून साठेक किलोमीटर. 1290 साली तिथे जी ज्ञानेश्वरी झाली, ती समोर बसलेल्या माणसांना सांगितली गेली. सांगणारा पुन्हा पुन्हा श्रोत्यांशी बोलतो, त्यांची मनधरणी करतो. नववा अध्याय तर श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. मराठीतला एवढा मोठा कवी आधी लक्ष मागतो. आपण तीन मिनिटं मागतो.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरलं. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. गोष्ट आपण इथपर्यंतच सांगतो, कारण इथपर्यंत ती आपल्या सत्कारांना सोयीची आहे. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी या मुलाला आपल्या घरी आणलं आणि तो त्यांच्याकडे इथे नगरला राहिला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त तो घरातल्या हट्टी, हळव्या पोरासारखा वावरतो. त्या घरात एक ज्येष्ठ कवी होता, शिवाय लग्नानंतर अक्षरं शिकून पुढे स्वतः लिहू लागलेली बाई होती. पदवी एका दुपारी मिळाली. ऐकणारं घर मिळालं त्याचं मोल मला जास्त वाटतं. आपल्या सात वर्षांत किती जणांना आपण असं घर दिलं? मी मोजून पाहिलं. एकालाही नाही.

तिसरं उदाहरण मुशायऱ्याचं. तिथला रिवाज साधा आहे: नवखे आधी, ज्येष्ठ नंतर, सद्र सगळ्यांत शेवटी. म्हणजे सर्वांत मोठ्या शायराला सर्वांत लहानाचा शेर ऐकत बसावंच लागतं. शेर आवडला तर ‘मुकर्रर’ म्हणून तो पुन्हा म्हणायला लावतात, आणि पडला तर ती शांतताही शायराला कळते. आपण नेमकं उलटं करतो. मोठ्यांना आधी वाचायला लावून मोकळं करतो, आणि टाळी सगळ्यांना सारखी वाजवतो. सारख्या टाळीतून कवीला काय कळणार?

यावर मला माझे सहकारी काय म्हणतात ते ठाऊक आहे. पहिलं, ‘निदान लोकांना बोलायला जागा तरी मिळते.’ हे मी हलक्यात घेत नाही. संसार आणि नोकरी सांभाळून चाळिशीनंतर पहिल्यांदा माईकसमोर उभ्या राहिलेल्या बायकांचे थरथरणारे हात मी पाहिले आहेत. ती जागा काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलायला लावणं याला जागा देणं म्हणत नाहीत.

दुसरं, ‘टीका केली तर नवे लोक पळतील.’ माझ्या ताई टीकेने गेल्या नाहीत. त्या माझ्या ‘छान’ने गेल्या. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. त्या कवींनी कविता गाऊन लोकांपर्यंत नेली, आणि दोनच वर्षांत अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ काढून त्या काळातल्या कवितेची यथेच्छ टिंगल केली. त्याने मराठी कविता मेली नाही. टिंगल करायलासुद्धा कविता नीट वाचावी लागते. आज आपल्या कवितांची कोणी टिंगलही करत नाही.

तिसरं, ‘नुसते श्रोते येतच नाहीत.’ का येतील? एकतीस कविता, त्यातल्या दहा आईवर, आठ पावसावर, आणि त्याआधी तासभर सत्कार. मी तरी आलो असतो का?

म्हणून मी मंडळापुढे लेखी मागणी ठेवली आहे. महिन्याला पाचच कवी, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. ज्याला पुढच्या महिन्यात वाचायचं आहे त्याने या महिन्यात शेवटपर्यंत बसायचं. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र, सगळं बंद. पाहुणे असतील तर ते शेवटी वाचतील. प्रत्येक कवीनंतर, त्या दिवशी न वाचणाऱ्या एका माणसाने पाच मिनिटं त्या कवितांबद्दल बोलायचं, आणि ‘छान’ हा शब्द वापरायचा नाही. यादीतली सव्वीस माणसं नाराज होतील. काही जण वेगळा ग्रुप काढतील, तिथे प्रमाणपत्रं मिळतील. जाऊ देत.

मंडळाचा निर्णय अजून व्हायचा आहे. मी माझं नाव वाचणाऱ्यांच्या यादीतून वर्षभरासाठी काढलं आहे. ताईंकडेही जाऊन आलो. खरं काय झालं ते सांगितलं आणि ती कविता पुन्हा ऐकवाल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘वही गावाकडं राहिली, बघू.’ खरंच राहिली की मला टाळलं, ते कळायला मार्ग नाही. मी पुन्हा विचारणार आहे.